चार ड्यूक, एक बव्हेरिया : राजवंशाच्या बखरींची पार्श्वभूमी

१३९२च्या वाटणीनंतर दक्षिण जर्मनीतल्या बव्हेरियात म्युनिक, लान्ट्सहूट, इंगोलश्टाट आणि श्ट्राउबिंग अशा चार गाद्या होत्या. चारही विट्टेल्सबाख घराण्याच्याच. भाऊबंदकी इतकी विकोपाला गेली की १४१७मध्ये, कॉन्स्टन्सला धर्मपरिषद चालू असताना, लान्ट्सहूटच्या ड्यूकने इंगोलश्टाटच्या आपल्या चुलतभावावर मारेकऱ्यांसह हल्ला केला.

त्याच जखमी भावाने पुढे रेगेन्सबुर्गजवळच्या मठातल्या एका धर्मगुरूकडून बव्हेरियाच्या सगळ्या राजवटींची बखर लिहून घेतली. आधी लॅटिनमध्ये, मग त्याच लेखकाने ती जर्मनमध्ये आणली. १४७८ ते १४८१च्या दरम्यान म्युनिकच्या दरबारासाठी एका चित्रकारानेही अशीच बखर लिहिली. घराण्याचं मूळ सम्राट शार्लमेनपर्यंत नेणं, बव्हेरियन लोक आर्मेनियातून आले असं सांगणं, हे या परंपरेत नेहमीचंच. यातलं बरंचसं रचलेलं आहे. तरी या बखरींना निव्वळ खुशामत म्हणणं मला पटत नाही. गाद्या चार असल्या तरी देश एकच, ही गोष्ट त्यांनी लिहून ठेवली, आणि तेव्हा ती दुसरीकडे कुठेच दिसत नव्हती.

ते एकत्रीकरण प्रत्यक्षात आलं ते एका मुलीचा वारसा डावलून. १५०३मध्ये लान्ट्सहूटचा ड्यूक वारला. मुलगा नव्हता, म्हणून मृत्युपत्राने राज्य मुलगी आणि घराण्याच्याच फाल्झ (पॅलेटिनेट) शाखेतला जावई यांच्या नावे केलं होतं. घराण्याच्या करारानुसार मात्र पुरुष वारस नसेल तर राज्य म्युनिककडे जायचं. म्युनिकच्या ड्यूकची बायको जर्मन राजाची सख्खी बहीण. यावरून युद्ध पेटलं. राजा मेव्हण्याच्या बाजूने उभा राहिला आणि मोबदल्यात कुफश्टाइन, किट्झब्यूल, राटेनबेर्ग हे भाग घेऊन गेला. युद्धाच्या पहिल्याच वर्षी मुलगी आणि जावई दोघेही वारले. १५०५च्या निवाड्यात त्यांच्या लहानग्या मुलांना डॅन्यूबवरचं नॉयबुर्ग आणि आसपासचे तुकडे मिळाले. म्युनिकचा विजय एवढा ठळक सांगितला जातो, पण ही बाजू दोन ओळींत उरकली जाते.

१५०६मध्ये म्युनिकच्या ड्यूकने कायदा केला : यापुढे वाटणी नाही, गादी थोरल्या मुलाचीच. दोनच वर्षांनी तो वारला आणि धाकटा मुलगा अडून बसला. माझा जन्म कायद्याच्या आधीचा, मग तो मला कसा लागू? प्रांताच्या सभेने त्याची बाजू घेतली. १५१४पासून तो थोरल्यासोबत राज्य करू लागला आणि १५४५मध्ये मरेपर्यंत लान्ट्सहूटला बसला. या धाकट्याला शिकवणाऱ्या पंडितालाच १५१७मध्ये दोघा भावांनी दरबारी इतिहासकार नेमलं. तो मठामठांत फिरून जुनी दफ्तरं उतरवून घेत राहिला. १५२३मध्ये त्याचा नकाशा छापला गेला, त्यात बव्हेरिया एकसंध होता. त्याचा लॅटिन ग्रंथ मात्र १५५४मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर छापला गेला, तोही चर्चवरची टीका कापून.

१७७७मध्ये म्युनिकची शाखा निर्वंश झाली तेव्हा राज्य फाल्झच्या चुलत शाखेकडे गेलं. १८०६मध्ये बव्हेरियाच्या शासकाला राजा ही पदवी मिळाली. त्याच सुमारास फ्रँकोनिया आणि स्वाबियाचे मोठे प्रदेश जोडले गेले, ज्यांचा या बखरींशी फारसा संबंध नव्हता. बव्हेरियाच्या १९४६च्या राज्यघटनेच्या प्रास्ताविकात हजार वर्षांहून जुन्या इतिहासाचा उल्लेख आहे, आणि तो फ्रँकोनियातल्या न्युरेंबर्गच्या माणसालाही लागू होतो.