सोसाट्याच्या वाऱ्यात कुत्र्याचं नाक

आषाढातला सोसाट्याचा वारा गवतात दडलेल्या तित्तिराचा वास उडवून नेतो, पण पुसून टाकत नाही. उदबत्तीचा धूर आधी सरळ रेघेत जातो, मग त्याची वेटोळी होतात, मग तुटक धागे. वासाचंही तसंच. दोन धाग्यांमधली हवा कोरी असते.

हुंगताना कुत्रं सेकंदाला साधारण ५ वेळा श्वास ओढतं. ताशी ५ किलोमीटरची झुळूक असेल तर दोन श्वासांमध्ये नाकावरून जेमतेम २८ सेंटिमीटर हवा सरकते. वारा ताशी ३६ किलोमीटर झाला की २ मीटर! वासाचा अख्खा धागाच त्या फटीतून निसटू शकतो. म्हणून पक्ष्यांच्या शिकारीसाठी घडवलेले पॉइंटर, सेटर जातींचे कुत्रे वाऱ्याला आडवे, नागमोडी धावतात. धागा सापडला की तोंड वाऱ्याकडे, तुटला की पुन्हा आडवी फेरी. (आपले कारवान आणि पश्मी नजरेवर धावणारे, त्यांचं तंत्र निराळं.)

झुडपं तर नाकाला चकवाच देतात. बोरीच्या जाळीच्या आडोशाला वारा गोल फिरतो, वास तिथे साचतो. कुत्रं रिकाम्या जागेभोवती घुटमळत राहतं आणि पक्षी असतो जाळीच्या पलीकडे.

पक्ष्यालाही वारा सोपा नाही. सळसळीत पावलांचा आवाज बुडतो, म्हणून तो बिथरलेला असतो आणि लांबूनच भुर्रकन उडतो, असा शिकाऱ्यांचा अनुभव. अंड्यांवरच्या मादीला मात्र दबा धरूनच बसावं लागतं. इथे निसर्गाची एक विलक्षण युक्ती दिसते. पक्षी शेपटीच्या मुळाशी असलेल्या ग्रंथीतलं मेण पिसांना चोपडतात. जमिनीवर घरटं करणाऱ्या ‘नॉट’ या किनारी पक्ष्याचं हे मेण अंडी उबवण्याच्या काळात बदलतं, सहज हवेत न उडणारं होतं. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या डच संशोधनात, असं मेण हुंगून शोधणं प्रशिक्षित कुत्र्यालाही जास्त अवघड गेलं.

शिकारीला १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंदी आहे, पण मोकळ्या सोडलेल्या कुत्र्याला कायदा कुठला कळणार? तित्तिरांची वीण मुख्यतः एप्रिल ते सप्टेंबर, म्हणजे ऐन वाऱ्याच्या दिवसांतही चालूच. पुण्याच्या वेताळ टेकडीवर पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो. लॉ कॉलेज रस्त्याच्या बाजूने चढलात तर तो समोरून लागतो आणि पुढच्या गवतातल्या प्रत्येक पक्ष्याची खबर कुत्र्याला देतो. त्या वाटेवर तरी पट्टा हातातून सोडू नका.