गोचीड अंगावर कमी, घरात जास्त

आमच्या सर्व ग्राहकांना नमस्कार. लालबाग, परळ, शिवडी, नायगाव भागात आम्ही घरी येऊन कुत्र्यांना अंघोळ घालतो, केस आणि नखं कापतो. पावसाळा सुरू झाला की एकच फोन पुन्हा पुन्हा येतो: "मागच्या आठवड्यातच तुम्ही अंघोळ घालून गेलात, मग गोचिड्या परत कशा आल्या?" प्रश्न रास्त आहे आणि त्याचं उत्तर तुम्हाला कळलंच पाहिजे. त्या दिवशी अंगावर असलेल्या गोचिड्या आम्ही काढतो. पण घरातल्या बहुतेक गोचिड्या त्या वेळी कुत्र्यावर नसतातच. त्या दाराच्या चौकटीत, दिवाणाच्या सांध्यात, पडद्याच्या घडीत बसलेल्या असतात. तिथे आमचा शाम्पू पोचत नाही.

मुंबईतल्या कुत्र्यांवर सर्रास दिसते ती तपकिरी रंगाची कुत्र्यांची गोचीड. तिला गवत, झाडी लागत नाही, तिसऱ्या मजल्यावरची खोली पुरते. अंड्यातून सहा पायांचं बारीक पिल्लू निघतं, मग आठ पायांचं मधलं रूप येतं, मग पूर्ण वाढलेली गोचीड. या तिन्ही अवस्थांत ती एकेकदा पोटभर रक्त पिते आणि प्रत्येक वेळी कुत्र्यावरून उतरून फटीत जाते. टम्म फुगलेली मादी राखाडी, अगदी एरंडाच्या बीसारखी दिसते. (एरंडाचं शास्त्रीय नाव रिसिनस. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थच गोचीड.) ही मादी भिंतीवर वर चढत जाते, एखाद्या भेगेत हजारो अंडी घालते आणि मरते. आपल्याकडच्या उकाड्यात अंड्यापासून पुन्हा अंडी घालणाऱ्या मादीपर्यंतचा फेरा साधारण दोन-तीन महिन्यांत पुरा होतो. मोठी गोचीड तर काही न खाता कित्येक महिने तग धरते. त्यामुळे मे महिन्यात घर बंद करून गावी गेलो की त्या मरतील, या भरवशावर राहू नका.

हे आम्ही स्वतः सोसून शिकलो. आमच्या शेरूने गणपतीनंतर जेवण कमी केलं. हवा बदललीय म्हणून असेल, असं समजून आम्ही चार दिवस घालवले. पाचव्या दिवशी त्याच्या नाकातून रक्त आलं. रक्ततपासणीत प्लेटलेट फार खाली गेलेल्या निघाल्या. महिनाभर गोळ्या दिल्यावर तो उठला, आणि दोन महिन्यांत पुन्हा तापला. तेव्हा घर शोधायला घेतलं, तर कॅलेंडर काढल्यावर मागच्या खिळ्याच्या भोकाभोवती गोचिड्यांचा पुंजका होता. रोज तारीख बघायला आम्ही तिथेच उभे राहत होतो.

शेरूला झाला तो अर्लिकिया. या जंतूची गाठ पांढऱ्या पेशींशी असते आणि प्लेटलेट घसरतात. दुसरा नेहमीचा आजार बबेसिया. तो तांबड्या पेशींत शिरून त्या फोडतो, म्हणून हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी गडद होते, कधी कावीळ दिसते. लोक दोन्हींना गोचीड तापच म्हणतात, पण औषधं वेगळी आहेत आणि एकाच कुत्र्याला दोन्ही एकदम होऊ शकतात. म्हणून शेजारच्याच्या कुत्र्याची उरलेली गोळी आणून देऊ नका, रक्त तपासून घ्या. हेपॅटोझून नावाचा एक जंतू तर गोचीड चावल्याने नाही, ती गिळल्याने होतो, आणि कुत्रे अंग चावताना गोचिड्या गिळतात. दोन जेवणं सोडली, अंग गरम लागलं, जिना चढायला नको म्हणू लागला, तर त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या.

आता माणसांचं. कुत्र्याला कुरवाळल्याने त्याचा गोचीड ताप तुम्हाला होत नाही, हे आधी स्पष्ट सांगतो, कारण या भीतीने कुत्रा रस्त्यावर सोडून दिलेली घरं आम्ही पाहिली आहेत. पण तीच तपकिरी गोचीड माणसाला चावली तर टिक टायफस होऊ शकतो. ताप, सडकून डोकेदुखी, काही दिवसांनी अंगावर पुरळ येतो, आणि तो तळहात-तळपायांवरही दिसतो. कधी चावल्याच्या जागी काळी खपली धरते. पावसाळ्यात मुंबईत ताप आला की मलेरिया, डेंगी, लेप्टो या तपासण्या होतात, आणि त्या व्हायलाच हव्यात. पण त्या निगेटिव्ह आल्या आणि ताप हटत नसेल, तर "घरात कुत्रा आहे, त्याच्यावर गोचिड्या होत्या" एवढं एक वाक्य डॉक्टरांना आपणहून सांगा. या आजाराची रक्ततपासणी पहिल्या आठवड्यात बरेचदा काही दाखवत नाही, त्यामुळे डॉक्टरांना निर्णय लक्षणांवरून आणि तुमच्या माहितीवरूनच घ्यावा लागतो. वेळेत सुरू केलं तर औषध साधं आणि स्वस्त आहे.

सुट्टीत कोकणात जाणाऱ्यांसाठी आणखी एक. सिंधुदुर्गात, विशेषतः दोडामार्गाकडे, २०१६ साली माकडतापाची मोठी साथ आली. या विषाणूचा शोध १९५७ साली कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात लागला. तो पसरवणारी गोचीड जंगलातली, वेगळ्या जातीची आहे. काजूच्या बागेत, रानात जाताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, पालापाचोळ्यावर बसू नका. मेलेलं माकड दिसलं तर हात न लावता आरोग्य केंद्राला कळवा.

आमचे काही ग्राहक गोरेगाव-जोगेश्वरीकडे तबेले चालवतात. गोचिड्यांमुळे गुरांना होणारे थायलेरिया आणि लाल लघवीचा आजार त्यांना आम्ही सांगायला नको. क्रायमियन काँगो ताप, म्हणजे गोचिड्यांमुळे माणसाला होणारा एक विषाणूचा ताप, मात्र लक्षात ठेवा. २०११ साली गुजरातेत त्याचे रुग्ण प्रथम सापडले, २०२०मध्ये पालघर जिल्ह्यात प्रशासनाने सावधगिरीची सूचना दिली होती. जनावर आजारी दिसत नाही, पण त्याच्या रक्तातून किंवा गोचीड बोटांनी चिरडल्याने माणसाला लागण होऊ शकते. गोचिड्या रोग पसरवतात हे प्रथम सिद्ध झालं तेही गुरांवरच, १८९३ साली अमेरिकेत, रोनाल्ड रॉस यांनी डासाच्या पोटात मलेरियाचे जंतू दाखवले त्याच्या चार वर्षं आधी.

म्हणून गोचीड नखांत धरून फोडायची सवय आजच सोडा. चिमट्याने तिला कातडीच्या अगदी लगत धरा, पिळ न देता सरळ वर ओढा, साबणाच्या पाण्यात किंवा चिकटपट्टीत बंद करा, हात धुवा. रॉकेल, तेल, काडीचा चटका काही नको. रोज संध्याकाळी फिरून आल्यावर उलट्या केसांवरून हात फिरवा: कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यांत, पट्ट्याखाली, शेपटीच्या बुडाशी.

औषधांबाबत आमची कळकळीची विनंती आहे. फिनाईलच्या पाण्याने अंघोळ घालू नका, ते विष आहे. कुत्र्याच्या मानेवर टाकायचे बरेचसे थेंब पर्मेथ्रिन या कीटकनाशकाचे असतात आणि त्याने मांजर मरू शकतं. घरात दोन्ही असतील तर दुकानदाराला नाही, डॉक्टरांना विचारा. महिन्याच्या किंवा तीन महिन्यांच्या चघळायच्या गोळ्या चांगलं काम देतात, पण कुत्र्याला कधी फिट आली असेल तर ते आधी सांगा. कोली जातीच्या कुत्र्याला आयव्हरमेक्टिन हे कीड मारायचं औषध डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय अजिबात नको.

आणि घर. अंथरूण गरम पाण्यात धुवा, सांधे आणि कोपरे व्हॅक्यूमने ओढून पिशवी लगेच बाहेर टाका, भेगा पुट्टीने बुजवा. पेस्ट कंट्रोलवाल्याला गोचिड्यांसाठी बोलावतोय हे स्पष्ट सांगा, कारण झुरळांच्या जेलचा इथे उपयोग नाही. एका फवारणीत अंडी मरत नाहीत, म्हणून दोन-तीन आठवड्यांनी दुसरी करून घ्या आणि त्या वेळी कुत्र्याला दुसरीकडे ठेवा. चाळीत असाल तर शेजाऱ्यांशी बोलून एकाच दिवशी करा. जिन्याखाली झोपणाऱ्या कुत्र्यांनाही गोळी मिळाली, तर मजलाभर फरक पडतो.

यापुढे प्रत्येक अंघोळीत निघालेल्या गोचिड्या मोजून तो आकडा आम्ही पावतीवर लिहून देऊ. सलग दोन पावत्यांवर तो वाढला, तर तिसऱ्या अंघोळीचे पैसे आम्हाला देण्याआधी घराची फवारणी करून घ्या.