आवृत्तिदर्शक क्रियाविशेषणे (इंग्रजी व्याकरण)

क्रिया किती वेळा घडते हे सांगणारे इंग्रजी शब्द व शब्दसमूह. 'ऑल्वेज', 'यूज्वली', 'ऑफन', 'समटाइम्स', 'सेल्डम', 'नेव्हर' हे त्यांतले रोजच्या वापरातले. मराठी व्याकरणात कालवाचक क्रियाविशेषणांचे पोटभेद करताना 'नेहमी', 'सतत' यांना सातत्यदर्शक आणि 'वारंवार', 'दररोज' यांना आवृत्तिदर्शक म्हणतात. इंग्रजीत ती सगळी एकाच गटात घेतली जातात. पाठ्यपुस्तकांत या शब्दांपुढे टक्केवारी छापण्याची पद्धत आहे, पण 'ऑल्वेज' आणि 'नेव्हर' ही दोन टोके सोडली तर त्या आकड्यांत फारसा अर्थ नाही. वर्षातून चारदा परदेशी जाणाऱ्याला 'ऑफन' शोभते, महिन्यातून चारदा दात घासणाऱ्याला नाही.

अर्थापेक्षा या शब्दांची जागा जास्त त्रास देते. 'तो नेहमी चहा पितो', 'तो चहा नेहमी पितो', 'नेहमी तो चहा पितो' ही तिन्ही वाक्ये मराठीत चालतात. फरक पडतो तो भर कशावर द्यायचा एवढाच. इंग्रजीत मात्र जागा क्रियापद ठरवते. वाक्यात एकच मुख्य क्रियापद असेल तर क्रियाविशेषण त्याच्या आधी येते: 'ही ऑल्वेज ड्रिंक्स टी'. साहाय्यक क्रियापद असेल तर त्याच्यानंतर: 'आय हॅव नेव्हर सीन इट'. साहाय्यक क्रियापदे दोन-तीन असली तर सहसा पहिल्यानंतर: 'शी हॅज ऑफन बीन इन्व्हायटेड'. 'बी' या क्रियापदाची रूपे मुख्य क्रियापद म्हणून आली तरी साहाय्यकासारखी वागतात, म्हणून 'शी इज ऑल्वेज लेट'. 'शी ऑल्वेज इज लेट' हे वाक्य चुकीचे नाही. ते ठासून सांगताना किंवा वाद घालताना येते. त्रोटक उत्तरातही क्रियाविशेषण आधीच लागते: 'येस, आय ऑल्वेज डू'. 'हॅव टू'मधले 'हॅव' मात्र साहाय्यकासारखे वागत नाही: 'आय ऑफन हॅव टू वेट'.

नकारार्थी वाक्यात जागा बदलली की अर्थही बदलतो. 'ही डझन्ट ऑल्वेज कम' म्हणजे तो दर वेळी येतोच असे नाही. 'समटाइम्स' मात्र नकाराच्या आधी ठेवावे लागते: 'ही समटाइम्स डझन्ट कम', कधीकधी तो येत नाही. 'नेव्हर'मध्ये नकार आधीच भरलेला असतो. मराठीतल्या 'कधीच'ला 'नाही' लागतेच, आणि त्याच सवयीने 'आय नेव्हर डोन्ट गो' असे वाक्य तयार होते. 'ऑल्वेज' चालू काळाबरोबर आले की बहुधा तक्रारीचा सूर लागतो. 'ही इज ऑल्वेज कम्प्लेनिंग' म्हणजे 'तो सारखा कुरकुरत असतो'; इथे 'नेहमी'पेक्षा 'सारखा' जवळचा.

क्रियापद आणि त्याचे कर्म यांच्यामध्ये मात्र इंग्रजी कोणालाही घुसू देत नाही. 'ही ड्रिंक्स ऑफन टी' हे वाक्य अशुद्ध ठरते. फ्रेंचमध्ये नेमका हाच क्रम शुद्ध आहे, आणि जाँ-इव्ह पोलॉक या भाषाशास्त्रज्ञाने 1989 मध्ये या फरकावरून दोन्ही भाषांतल्या क्रियापदांच्या हालचालीचा सिद्धान्त मांडला. त्यानुसार फ्रेंच क्रियापद क्रियाविशेषण ओलांडून पुढे सरकते, इंग्रजीतले मुख्य क्रियापद जागचे हलत नाही. सोळाव्या-सतराव्या शतकांतल्या इंग्रजीत ते हलत असल्याच्या खुणा सापडतात.

कर्माच्या जागी शब्दयोगी अव्ययाने सुरू होणारा शब्दसमूह आला की ही बंदी सैल होते. 'शी स्पीक्स ऑफन ऑफ हर मदर' किंवा 'ही लुक्स ऑफन अ‍ॅट द क्लॉक' ही वाक्ये थोडी लेखी वळणाची वाटली तरी शुद्ध आहेत. 'लुक अप' म्हणजे शब्दकोशात पाहणे. त्यात मात्र 'लुक्स ऑफन अप द वर्ड' म्हणता येत नाही, कारण तिथला 'अप' नामाला जोडलेला नसून क्रियापदाचाच तुकडा आहे. क्रियापद आणि पुढचा छोटा शब्द यांच्यामध्ये क्रियाविशेषण बसते का, ही व्याकरणकारांची जुनी कसोटी आहे, आणि ती बऱ्यापैकी भरवशाची आहे.

काही वेळा शब्दयोगी अव्यय स्वतःच आवृत्ती सांगते: 'अ‍ॅट टाइम्स', 'फ्रॉम टाइम टू टाइम', 'ऑन संडेज'. असे शब्दसमूह सहसा वाक्याच्या शेवटी किंवा सुरुवातीला येतात. 'एव्हरी संडे'ला अव्यय सहसा लागत नाही, तरी मराठी माणसाच्या तोंडी 'ऑन एव्हरी संडे' येते, कारण 'दर रविवारी'तला सप्तमीचा प्रत्यय त्याला गाळवत नाही. 'आठवड्यातून दोनदा'तल्या 'तून'मुळे 'ट्वाइस इन अ वीक' असेही म्हटले जाते. रूढ प्रयोग 'ट्वाइस अ वीक'. गंमत अशी, की त्यातला 'अ' मुळात 'ऑन' या अव्ययाचे झिजलेले रूप आहे. पुढे लोक त्याला उपपद समजू लागले.

नकारार्थी शब्द वाक्याच्या तोंडाशी आणला तर कर्ता आणि साहाय्यक क्रियापद जागा बदलतात: 'नेव्हर हॅव आय सीन सच रेन', 'सेल्डम डू दे मीट'. 'समटाइम्स'ने असे होत नाही. अव्ययाने सुरू होणाऱ्या शब्दसमूहांनाही हाच नियम लागू आहे. 'अ‍ॅट नो टाइम डिड ही अ‍ॅग्री' यात क्रम उलटतो, 'अ‍ॅट टाइम्स ही अ‍ॅग्रीड' यात उलटत नाही.