श्वसनविकारग्रस्त रुग्णाची परिचर्या

फुप्फुसांत हवा पुरेशी न पोहोचणे, पोहोचलेल्या हवेतील ऑक्सिजन रक्तात न उतरणे किंवा रक्तावाटे तो ऊतकांना न मिळणे, यांपैकी कोणताही बिघाड असलेल्या रुग्णाचे निरीक्षण, मापन व शुश्रूषा यांचा या परिचर्येत समावेश होतो. न्यूमोनिया, दमा व दीर्घकालिक अवरोधी फुप्फुसविकार (सीओपीडी) ही नेहमीची कारणे होत; परंतु हृदय निकामी होणे, तीव्र रक्तक्षय, अफूजन्य औषधांची अतिमात्रा अशा फुप्फुसाबाहेरील कारणांनीही तिची गरज पडते.

रुग्णाच्या श्वासातील हवा बाहेरच्या हवेइतकी शुद्ध ठेवावी, मात्र त्याला गारठू देऊ नये, हा शुश्रूषेचा पहिला नियम फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी सांगितला (त्यांच्या ‘नोट्स ऑन नर्सिंग’ या ग्रंथाचे वर्ष सामान्यतः १८५९ देतात, तरी तो १८६० च्या आरंभी प्रसिद्ध झाला असे बहुधा मानतात). ऑक्सिजनच्या पद्धतशीर औषधी वापराचे श्रेय सामान्यतः ब्रिटिश शरीरक्रियावैज्ञानिक जे. एस. हॉल्डेन यांच्या पहिल्या महायुद्धकाळातील, विषारी वायूने बाधित सैनिकांवरील कामाला देतात. तुरळक प्रयोग त्याआधीही झाले होते. धाप लागलेल्या रुग्णाला ज्या ‘फाउलर स्थिती’त टेकवून बसवतात, तिचा उगम मात्र श्वसनाशी संबंधित नाही. अमेरिकन शल्यचिकित्सक जॉर्ज रायर्सन फाउलर यांनी १९०० च्या सुमारास ती सुचवली, ती उदरपोकळीतील पू ओटीपोटाकडे उतरावा म्हणून.

निरीक्षण : प्रौढाची विश्रांतीतील श्वसनगती मिनिटाला १२ ते २० असते. ती पूर्ण मिनिटभर आणि शक्यतो रुग्णाच्या नकळत मोजावी, कारण मोजणी चालू आहे हे कळताच श्वास बदलतो. प्रकृती ढासळण्याची सूचना पुष्कळदा याच आकड्यातून सर्वांत आधी मिळते, तरीही नोंदवहीत तो अंदाजाने लिहिण्याची सवय व्यापक आहे. ब्रिटनमधील राष्ट्रीय पूर्वसूचना गुणांकनात (२०१२, सुधारित २०१७) २५ वा अधिक आणि ८ वा कमी या दोन्ही गतींना सर्वाधिक, म्हणजे ३ गुण दिले आहेत (जास्त गुण म्हणजे जास्त धोका). गतीबरोबरच मानेच्या स्नायूंचा वापर, बरगड्यांमधील त्वचा आत ओढली जाणे, तुटक बोलणे, कफाचा रंग व प्रमाण आणि नव्याने आलेला गोंधळलेपणा किंवा गुंगी पाहतात. दम्याच्या तीव्र झटक्यात घरघर एकाएकी ऐकू येईनाशी झाल्यास ती सुधारणा समजू नये. हवा आत-बाहेर होणेच जवळजवळ थांबल्याचे ते लक्षण असू शकते.

ओठ व जिभेचा निळसरपणा (सायनोसिस) हे उशिरा दिसणारे आणि बेभरवशाचे लक्षण होय. केशवाहिन्यांतील ऑक्सिजनविरहित हीमोग्लोबिन दर डेसिलिटरला सुमारे ५ ग्रॅम झाल्यावर ते दिसते, असे लुंड्सगार्ड यांच्या १९१९ च्या सुमाराच्या संशोधनावरून मानतात. त्यामुळे मुळातच हीमोग्लोबिन कमी असलेला रुग्ण ऑक्सिजनअभावी गंभीर होऊनही निळा दिसत नाही.

पल्स ऑक्सिमीटरचे तत्त्व जपानी अभियंते ताकुओ आओयागी यांनी १९७४ मध्ये मांडले. मिनोल्टा कंपनीचा स्वतंत्र पेटंट-अर्ज त्याच सुमाराचा असला, तरी अग्रक्रम बहुतेक अभ्यासक आओयागींना देतात. हे यंत्र हीमोग्लोबिनची ऑक्सिजन-संपृक्तता, म्हणजे त्याच्या किती टक्के भागाला ऑक्सिजन जोडलेला आहे, ते सांगते. कार्बन डाय-ऑक्साइड किती साठला, हे सांगत नाही. ऑक्सिजन चालू असलेला रुग्ण ९७ टक्के दाखवत असतानाच गुंगीत जाऊ शकतो, तो यामुळेच. अशा वेळी रोहिणी-रक्तवायू तपासणी (रोहिणीतील, म्हणजे धमनीतील, रक्तातल्या वायूंचे मापन) लागते. कार्बन मोनॉक्साइडच्या विषबाधेत आकडा फसवा चांगला येतो. थंड बोटे व नखरंग यांनीही तो बिघडतो, तर गडद त्वचेच्या व्यक्तींत तो प्रत्यक्षाहून अधिक येण्याची शक्यता २०२० नंतर विशेष चर्चेत आली.

ऑक्सिजन व त्याची मात्रा : ऑक्सिजन हे औषध आहे, म्हणून लक्ष्य-संपृक्तता लेखी असावी. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २००८ च्या मार्गदर्शिकेनुसार ती बहुतेक तीव्र रुग्णांत ९४–९८ टक्के आणि कार्बन डाय-ऑक्साइड साठण्याचा धोका असणाऱ्यांत ८८–९२ टक्के आहे. या दुसऱ्या मर्यादेमागील कारणाबद्दल मतभेद आहेत. जुन्या मतानुसार अशा रुग्णाचे श्वसनकेंद्र कार्बन डाय-ऑक्साइडला बधिर होऊन केवळ ऑक्सिजनच्या उणिवेवर चालते, आणि ऑक्सिजन दिल्यास ही प्रेरणाच नाहीशी होते. १९८० मध्ये ओबिए व सहकाऱ्यांनी केलेल्या मापनांत मात्र शुद्ध ऑक्सिजनवर दर मिनिटाचे श्वसन अंती थोडेच घटले, पण कार्बन डाय-ऑक्साइडचा दाब सरासरी २३ मि.मी. (पारा) वाढला. म्हणजे वाढीचा मोठा भाग अन्यत्र शोधावा लागतो. कमी हवा मिळणाऱ्या भागांतील आकसलेल्या रक्तवाहिन्या ऑक्सिजनमुळे सैलावतात आणि रक्त निरुपयोगी भागांकडे वळते. शिवाय ऑक्सिजनयुक्त हीमोग्लोबिन कार्बन डाय-ऑक्साइड कमी धरून ठेवते (हॉल्डेन परिणाम). नंतरच्या काही निरीक्षणांत ठरावीक रुग्णांचे श्वसन खरोखरच मंदावलेले आढळल्याने जुने मत सर्वस्वी टाकता येत नाही; तथापि अध्यापनात त्याला आजही मिळणारे एकमेव स्थान समर्थनीय वाटत नाही. टास्मानियातील रुग्णवाहिका-चाचणीत (२०१०) मोजून दिलेल्या ऑक्सिजनने मृत्यू कमी झाल्याचे दिसले. मात्रा जास्त झाल्याचे आढळले, तरी ऑक्सिजन एकदम काढू नये. तसे केल्यास संपृक्तता पूर्वीपेक्षाही खाली घसरू शकते.

नाकातील नळीने १ ते ६ लिटर प्रतिमिनिट देतात. साध्या मास्कला किमान ५ लिटर लागतात, अन्यथा उच्छ्वास पुन्हा आत घेतला जातो. पिशवीच्या मास्कला १० ते १५ लिटर लागतात व पिशवी फुगलेली राहावी लागते. ठरावीक प्रमाणासाठी कॅम्बेल यांचा १९६० चा व्हेंचुरी मास्क वापरतात.

इतर परिचर्या : टेकवून बसवणे, खोल श्वास व खोकण्यास मदत, तोंडाची स्वच्छता, मास्कखालील त्वचेची पाहणी ही नित्याची कामे होत. श्वासनळीत घातलेल्या नळीतून स्राव ओढताना आधी ऑक्सिजन वाढवतात, एक खेप १०–१५ सेकंदांपलीकडे नेत नाहीत आणि प्रौढांत चोषणनळीचा व्यास श्वासनळीतील नळीच्या आतील व्यासाच्या निम्म्याहून कमी ठेवतात. तीव्र श्वसनत्रास लक्षणसमूहाच्या (एआरडीएस) कृत्रिम श्वसनावरील गंभीर रुग्णांना दिवसातून सुमारे १६ तास पालथे ठेवल्यास मृत्यू घटतात, हे २०१३ च्या फ्रान्स-स्पेनमधील चाचणीने दाखवले. मात्र चेहरा व छातीवरील दाबव्रण वाढतात. घरी दीर्घकाळ ऑक्सिजन रोहिणी-रक्तातील ऑक्सिजनचा दाब ५५ मि.मी. (पारा) वा त्याखाली असल्यास, रोज किमान १५ तास देतात. त्या खोलीत धूम्रपान व उघडी ज्योत वर्ज्य असते.