बोरिंगच्या पाण्यात दाढीचा फेस टिकत नाही? साबण बदलण्याआधी हे वाचा

फेस वाटीत छान दिसतो, पण गालावर लावला की मिनिटभरात विरतो, त्वचा ताणल्यासारखी होते आणि ब्लेड अडखळतं. नर्मदेचं पाणी आलं त्या दिवशी दाढी बरी होते, टाकीत बोरिंगचं किंवा टँकरचं पाणी चढलं की बिघडते, असा तुमचा अनुभव असेल तर दोष साबणाचा नाही, ब्रशचाही नाही.

पाणी साबणाचं काय करतं

इंदूरला 1978 पासून जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, नर्मदेचं पाणी येतं. ते नदीचं पाणी आहे. बोरिंगचं पाणी माळव्याच्या काळ्या बेसाल्ट खडकाच्या फटींतून मुरत येतं आणि वाटेत कॅल्शियम-मॅग्नेशियम उचलतं. शाळेच्या पुस्तकात अशा पाण्याला ‘दुष्फेन’ म्हणतात, आणि शब्द अगदी नेमका आहे. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस 10500 मध्ये, कठीणपणाची, म्हणजे पाण्यातल्या या कॅल्शियम-मॅग्नेशियमची, मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे. दुसरी सोय नसेल तर 600 पर्यंत चालतं. म्हणजे प्यायला चालणारं पाणीही साबणाला भारी पडू शकतं.

दाढीचा साबण म्हणजे मुख्यतः स्टिअरिक आम्लाचे पोटॅशियम आणि सोडियमचे क्षार. त्यांना कॅल्शियम भेटलं की पाण्यात न विरघळणारा साका तयार होतो. बादलीच्या कडेला जी करडी रेघ बसते, तीच ही. बोलीत आपण ‘साबण फाटला’ म्हणतो. फेसात हा साका बुडबुड्यांच्या पातळ भिंती फोडतो, आणि गालावर वंगण राहत नाही.

आता हिशेब बघा. 400 कठीणपणाचं एक लिटर पाणी जवळजवळ अडीच ग्रॅम साबण फुकट खातं. पण एका दाढीच्या फेसात पाणी जातं फक्त 25 ते 30 मिली. तिथे वाया जाणारा साबण ग्रॅमच्या दहाव्या भागाहूनही कमी. खरं नुकसान होतं ते मगात. साबण लागलेला ब्रश तुम्ही अर्ध्या लिटरच्या मगात पुन्हा पुन्हा बुडवता, साबण तिथे फाटतो आणि साका ब्रशला चिकटून वाटीत परत येतो. म्हणून पूर्ण घराचं पाणी बदलायची गरज नाही. तीस मिली चांगलं पाणी आणि मगापासून दूर ठेवलेला ब्रश, एवढंच पुरतं.

कोणतं पाणी घ्यावं

सगळ्यात सोपं म्हणजे डिस्टिल्ड वॉटर. एक लिटरची बाटली महिनाभर पुरते. बॅटरीत टाकायचं साधं पाणीही चालतं, पण बाटलीवरचं लेबल नीट वाचा. शेजारच्याच खणात बॅटरीचं अ‍ॅसिड ठेवलेलं असतं.

घरच्या आरओचं पाणी चांगलं. मात्र पुष्कळ मशिनींत चवीसाठी कच्चं पाणी परत मिसळायचा स्क्रू असतो. तो फार उघडा असेल तर फायदा अर्धाच. आरओच्या वेस्टच्या नळीचं पाणी कधीही घेऊ नका, त्यात क्षार उलट वाढलेले असतात. एसीचं पाणी मऊ असतं खरं, पण कॉइलवरची धूळ आणि बुरशी घेऊन येतं. चेहऱ्यावर नको.

उकळूनही काम भागतं. दहा मिनिटं खळखळ उकळा, पूर्ण गार होऊ द्या, तळाचा पांढरा गाळ न हलवता वरचं पाणी ओतून घ्या. यानं बायकार्बोनेटचा कठीणपणा बराच जातो. सल्फेट-क्लोराइडचा जात नाही. गिझरचं गरम पाणी म्हणजे उकळलेलं पाणी नव्हे.

निंबू सत, म्हणजे सायट्रिक अ‍ॅसिड, एक लिटरला जेमतेम एक छोटी चिमूट. ते कॅल्शियमला धरून ठेवतं. चिमूट मोठी झाली की पाणी आंबट होतं आणि आम्लानं साबणच मोडतो. धुण्याचा सोडा पाणी मऊ करतो, पण त्वचा जाळतो; तो दाढीत नको.

तुरटीबद्दल विशेष सांगतो. गढूळ पाणी निवळायला तुरटी फिरवतात, त्यामुळे पाणी मऊ झालं असं वाटतं. होतं उलटं. तुरटीतलं अ‍ॅल्युमिनियम साबणाला कॅल्शियमसारखंच फाडतं. तुरटीची जागा दाढीनंतर, तीही चेहऱ्यावरचा सगळा साबण धुतल्यावर. साबण राहिलेल्या गालावर फिरवलीत तर पांढरट चिकट थर बसेल.

फेस कसा घोटायचा

डुकराच्या केसांचा ब्रश दोन-तीन मिनिटं थोड्या चांगल्या पाण्यात भिजवा; सिंथेटिकला नुसतं ओलं केलं तरी पुरे. दोनदा झटका. वडीवर ब्रश 30 ते 40 सेकंद फिरवा. सुरुवातीला मोठे बुडबुडे येतील, त्यांना फेस समजू नका. ब्रशच्या टोकांवर श्रीखंडासारखा दाट लगदा चढेपर्यंत थांबायचं.

मग वाटीत घोटायला लागा आणि चांगलं पाणी अर्धा-अर्धा चमचा घाला, प्रत्येक वेळी पंधरा सेकंद घोटून. चार-पाच वेळा घालावं लागतं. फेस तयार झाल्याची खूण चकाकी आहे, उंची नाही: ओल्या चुन्यासारखी तकाकी येते, ब्रश उचलला की टोक वाकतं आणि तुटत नाही, बोटांत चोळला तर निसटतो. कोरडा, मऊ कापसासारखा फेस दिसायला सुंदर, पण ब्लेडखाली निरुपयोगी. त्यात पाणी कमी आहे. मोठे बुडबुडे येत असतील तर साबण कमी पडलाय. बारीक कण दिसत असतील, बोटांना चरचर लागत असेल, तर पाणी फाडतंय. इथेच बहुतेकांचं चुकतं. फेस विरला म्हणून ते नळाचं पाणी आणखी घालतात, म्हणजे कॅल्शियमच आणखी घालतात.

रेझर मगात खुशाल बुडवा. ब्रश नको.

ब्रश ताठ झाला असेल तर

केसांच्या मुळाशी पांढरं कीट दिसेल. तो साठलेला साका. अर्धा कप कोमट पाण्यात दोन चमचे पांढरं व्हिनेगर घाला आणि फक्त केस दहा मिनिटं बुडवा, मूठ नाही. व्हिनेगर कॅल्शियम सोडवतं, पण मागे मेणचट चरबी उरते, म्हणून लगेच भांड्याच्या लिक्विडचा एक थेंब घेऊन धुवा. नुसतं व्हिनेगर वापरून ‘फरक पडला नाही’ म्हणणाऱ्यांची ही दुसरी पायरी राहिलेली असते.

घरीच तपासा

टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले एकूण क्षार, दाखवणाऱ्या मीटरवर जाऊ नका. सॉफ्टनरमधून आलेल्या पाण्याचं टीडीएस जवळपास तेवढंच दिसतं, तरी साबण छान फेसाळतो, कारण त्यात कॅल्शियमऐवजी सोडियम असतं.

एक ग्रॅम साबण किसून 50 मिली कोमट डिस्टिल्ड पाण्यात विरघळवा. ईडीटीए हे रसायन घातलेला साबण नको, ते कॅल्शियम बांधून टाकतं आणि चाचणी चुकते. बाटलीत तुमचं 100 मिली पाणी घ्या, त्यात हे द्रावण पाच मिलीच्या चमच्यानं थोडं थोडं घाला आणि दर वेळी जोरात हलवा. दोन सेंटिमीटर फेस एक मिनिट टिकला की थांबा. प्रत्येक चमच्यामागे कठीणपणा ढोबळमानानं सव्वाशे ते दीडशे धरा.

डिस्टिल्ड पाण्यातही फेस नीट होत नसेल तर मात्र वडी घेऊन दुकानात या. सोबत टाकीचं पाणीही आणा: बाटली साबणानं न धुता, त्याच पाण्यानं तीनदा विसळून, काठोकाठ भरून.