पेस्ट म्हणजे पावावरचं लोणी नव्हे

म्हापशाचा भाचा कॉम्प्युटर घेऊन आला. "मामा, नवा कूलर बसवला तरी तापतोच." कूलर काढला तर प्रोसेसरवर थर्मल पेस्टचा (प्रोसेसर आणि कूलर यांच्यामध्ये लावायच्या मलमाचा) हा जाड थर! "मे महिना ना, म्हणून जास्त लावली."

पेस्ट थंडावा देते, म्हणून जितकी जास्त तितकी बरी, हा समज जुनाच. मुळात पेस्ट थंड करतच नाही. प्रोसेसरचं झाकण आणि कूलरचा तळ हाताला गुळगुळीत लागले तरी त्यांत बारीक खाचा असतात. तिथे हवा अडकते, आणि हवा उष्णता जवळपास वाहूनच नेत नाही. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, चांगल्या पेस्टची १०च्या आसपास, हवेची ०.०२६ (वॅट प्रति मीटर-केल्विन). म्हणजे पेस्ट हवेपेक्षा शेकडो पट बरी, पण तांब्यापुढे गरीबच. तिचं काम खाचा बुजवण्यापुरतं.

नेहमीच्या प्रोसेसरला मधोमध वाटाण्याएवढा ठिपका पुरतो, कूलरच्या दाबाने तो पसरतो. थ्रेडरिपरसारख्या मोठ्या चिपला अर्थातच जास्त लागते. थोडी जास्त झाली तर दाबाने कडेला येते, बहुतेक पेस्ट वीजवाहक नसल्याने फक्त पुसायचा ताप. लिक्विड मेटल (पेस्टऐवजी लावतात तो द्रवरूप धातू) मात्र वीजवाहक, त्याच्याशी खेळू नये.

भाच्याच्या कॉम्प्युटरचा खरा चोर वेगळाच होता: कूलरच्या तळावरची पारदर्शक प्लास्टिकची पट्टी त्याने काढलीच नव्हती.