लग्नाच्या छायाचित्रणात कॅमेरे अंगावर बाळगण्याच्या पद्धती

लग्नाचा छायाचित्रकार काम करताना सहसा दोन कॅमेरे, दोन ते चार लेन्स, फ्लॅश, बॅटऱ्या आणि मेमरी कार्डे अंगावर घेऊन वावरतो. हे सामान पट्टा, हार्नेस, कमरेचा बेल्ट, पाउच आणि बॅग यांत कसे वाटायचे, हा या व्यवसायातला रोजचा प्रश्न आहे. स्टुडिओत सामान टेबलावर राहते आणि डोंगरदऱ्यांतल्या छायाचित्रणात पाठीवरच्या बॅगेत. लग्नात दोन्ही चालत नाही. क्षण दोन-तीन सेकंदांत निघून जातो, गर्दीत बॅग उघडायला जागा नसते आणि काम आठ-दहा तास, कधी त्याहूनही जास्त चालते. म्हणून कॅमेरा एकीकडे चटकन हाताशी यायला हवा आणि दुसरीकडे दिवसभर अंगाला झेपायला हवा. बाजारातली प्रत्येक पद्धत या दोहोंपैकी एका बाजूला झुकते.

मध्यम आकाराच्या फिल्मच्या काळात हा प्रश्न वेगळा होता. १२० फिल्मच्या एका रोलवर चौरस आकाराची १२ छायाचित्रे येत. त्यामुळे भरलेली मॅगझिन (फिल्मचा रोल बसवलेली, कॅमेऱ्याला लावायची डबी) हाताशी ठेवणे आणि संपलेली बदलून देणे हे सहाय्यकाचे काम असे. छायाचित्रकार सावकाश, बऱ्याचदा तिपाईवरून काम करी. पुढे ३५ मिमी आणि मग डिजिटल आले, धावपळीतली, न सांगता टिपलेली छायाचित्रे मागितली जाऊ लागली आणि सगळे सामान छायाचित्रकाराच्या अंगावर आले.

वजनाचा हिशेब

कॅनन ५डी मार्क ४ ची बॉडी, म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा, बॅटरी आणि कार्डासह ८९० ग्रॅम भरते. त्या पिढीतली २४-७० मिमी एफ/२.८ लेन्स ८०५ ग्रॅम आणि ७०-२०० मिमी एफ/२.८ लेन्स १४९० ग्रॅम. दोन बॉडी आणि या दोन लेन्स मिळून चार किलोच्या वर जातात. त्यावर प्रत्येकी सुमारे अर्ध्या किलोचे दोन फ्लॅश चढवले की पाच किलो झाले, आणि यात सुट्या लेन्स धरलेल्या नाहीत. आत आरसा नसलेल्या मिररलेस कॅमेऱ्यांनी भार कमी केला, पण वाटतो तेवढा नाही. कॅननच्या मिररलेस आर६ मार्क २ च्या दोन बॉडी आणि त्याच टप्प्यातल्या, तिच्यासाठीच्या आरएफ लेन्स मिळून सव्वातीन किलोच्या आसपास होतात. खरी बचत झूम सोडून ३५ आणि ८५ मिमीच्या एफ/१.८ लेन्स घेतल्यावर होते. सोनीची ८५ मिमी एफ/१.८ लेन्स ३७१ ग्रॅमची आहे.

दोन बॉडी घेण्याचे कारण केवळ 'एक बिघडला तर दुसरा' एवढेच नाही. लेन्स बदलण्यात जाणारे दहा-पंधरा सेकंद आणि त्या वेळी सेन्सरवर बसणारी धूळ, दोन्ही त्याने टळतात. एका बॉडीवर रुंद (जास्त दृश्य टिपणारी) आणि दुसरीवर लांब (दूरचे जवळ आणणारी) लेन्स कायम ठेवायची, ही सर्वसाधारण रीत.

पट्टे आणि हार्नेस

कॅमेऱ्यासोबत येणारा गळ्यातला पट्टा एका हलक्या कॅमेऱ्यापुरता ठीक आहे. सगळा भार मानेच्या मागच्या बाजूवर येतो, वाकले की कॅमेरा पुढे झुलतो, आणि दोन कॅमेरे गळ्यात घातले तर ते छातीवर एकमेकांवर आपटतात. दुसरा कॅमेरा खांद्यावर नुसता अडकवणाऱ्याचा तो खांदा नकळत वर उचललेला राहतो. संध्याकाळी दुखतो तो तोच.

स्लिंग पट्टा एका खांद्यावरून तिरपा जातो आणि कॅमेरा तळाच्या स्क्रूला उलटा लटकतो. पट्टा जागेवर राहतो, कॅमेरा त्यावरून सरकत डोळ्यापर्यंत येतो. ब्लॅकरॅपिडने ही रचना लोकप्रिय केली. पट्ट्यावर पुढे-मागे सरकणारे अडसर असतात. ते लावले नाहीत तर वाकताना कॅमेरा पोटावर घसरत येतो.

दोन कॅमेऱ्यांसाठी दुहेरी हार्नेस वापरतात. होल्डफास्टचा चामडी मनीमेकर हे त्याचे ओळखीचे रूप. भार दोन्ही खांद्यांवर वाटला जातो, पाठीवर पट्टे इंग्रजी एक्स किंवा वायच्या आकारात जुळतात. लांबी नेहमी दोन्ही कॅमेरे लटकवूनच ठरवावी: बॉडी कमरेच्या हाडाजवळ यावी आणि लेन्सचे टोक गुडघ्याला लागू नये. रिकामा हार्नेस आरशासमोर बेतला तर भार आल्यावर तो हमखास चार-पाच सेंटिमीटर खाली उतरतो. एक कॅमेरा डोळ्याला लावला की दुसऱ्याच्या भाराने पाठीवरचा जोड त्या बाजूला ओढला जातो. म्हणून जड लेन्सची बाजू रोज तीच ठेवतात.

ती बाजू कोणती, हे ग्रिप, म्हणजे कॅमेऱ्याचा उजव्या मुठीत धरायचा भाग, ठरवते. उजव्या कमरेला उलट्या लटकलेल्या कॅमेऱ्याचे ग्रिप बाहेरच्या बाजूला येते, त्यामुळे उजवा हात खाली सोडताच ते मुठीत बसते. डाव्या कमरेला मात्र ग्रिप शरीराकडे वळलेले असते. तिथला कॅमेरा आधी डाव्या हाताने लेन्सच्या नळीला धरून उचलायचा आणि मग उजव्या हाताने पकडायचा, अशी दोन टप्प्यांची हालचाल होते. लांब लेन्सला डाव्या हाताचा आधार तसाही लागतो, म्हणून ७०-२०० डावीकडे आणि सतत लागणारी रुंद लेन्स उजवीकडे, ही विभागणी बहुतेकांना मानवते.

बेल्ट-होल्स्टरमध्ये कॅमेऱ्याच्या तळाशी बसवलेली पिन कमरेवरच्या खाचेत अडकते. स्पायडर होल्स्टर याच जातीचा. खांदे पूर्ण मोकळे राहतात, भार थेट कमरेच्या हाडांवर येतो. अडचण बसताना होते, आणि अरुंद दारातून जाताना. बॅगेच्या पट्ट्यावर बसणारी क्लिप (पीक डिझाइनची कॅप्चर क्लिप २०११ मध्ये लोकवर्गणीतून आली) एखाद्या हलक्या बॉडीपुरती चांगली, पण दोन किलोच्या जोडणीला ती लग्नात सोयीची नाही.

एका स्क्रूवरचा भार

तळातून लटकवण्याच्या सर्व पद्धतींचा कच्चा दुवा एकच: तिपाईसाठीचा पाव इंची स्क्रू. त्याला इंचाला २० आटे असतात, म्हणजे एका पूर्ण फेऱ्यात तो १.२७ मिमी बाहेर येतो, आणि कॅमेऱ्याच्या तळात तो जेमतेम तीन-चार आट्यांवर बसलेला असतो. चालताना कॅमेरा कडीभोवती डावीकडे-उजवीकडे वळत राहतो आणि प्रत्येक वळण स्क्रूला किंचित सैल करते. रबरी वॉशर दबून गेला, धुळीने गुळगुळीत झाला, की ही क्रिया वेगाने होते. कॅमेरा एकदम पडत नाही. आधी तो कडीवर डुगडुगतो, आणि गडबडीत ते कोणी पाहत नाही.

उपाय साधे आहेत. बोटाने आवळायच्या स्क्रूऐवजी अ‍ॅलन कीने घट्ट होणारी प्लेट बसवावी आणि की बेल्टच्या पाउचात ठेवावी. निळे, पुन्हा उघडता येणारे थ्रेडलॉक (आटे सैल होऊ न देणारा चिकट द्रव) एक थेंब पुरते. लाल कधीही लावू नये, ते काढताना तळाचे आटे निघण्याची भीती असते. कॅमेऱ्याच्या पट्ट्याच्या कडीतून हार्नेसपर्यंत एक सुटी सुरक्षादोरी जोडावी. हा दुसरा जोड पहिल्याशी संबंध नसलेल्या जागी हवा. दोन्ही एकाच प्लेटला बांधले तर प्लेट सुटताच दोन्ही गेले. दर तासाला, कार्ड किंवा बॅटरी बदलताना, अंगठ्याने प्लेट फिरवून पाहायची सवय लावावी.

७०-२०० सारख्या लेन्सवर पट्टा बॉडीला न जोडता लेन्सच्या पायाला (लेन्सभोवतीच्या कॉलरला असलेल्या, तिपाईवर बसवायच्या भागाला) जोडावा. बॉडीला जोडला तर लांब लेन्स तरफेसारखी माउंटवर (लेन्स आणि बॉडीच्या जोडावर) ओढ देते आणि टोक जमिनीकडे झुकते; पायाला जोडला तर तोल मध्यावर येतो. मात्र पायाच्या कॉलरची घुंडी आवळलेली आहे ना, ते पाहावे. सैल घुंडीमुळे लेन्स निसटल्याची तक्रार नवी नाही.

दोरीच्या जोडण्यांत झीज पाहावी लागते. पीक डिझाइनच्या अँकरमध्ये बाहेरचे वेष्टण झिजले की आतला वेगळ्या रंगाचा धागा दिसतो. तो दिसला की त्याच दिवशी बदलावा.

लटकलेला कॅमेरा काय काय करतो

उलट्या कॅमेऱ्यावर फ्लॅश असेल तर तोच सर्वांत खालचा भाग होतो. गुडघ्यावर बसताना जमिनीला पहिला टेकतो तो फ्लॅश, आणि मोडतो त्याचा पाय. एक तर बसण्यापूर्वी हात कॅमेऱ्यावर जाऊ द्यावा किंवा लटकणाऱ्या बॉडीवरून फ्लॅश काढून पाउचात ठेवावा.

मिररलेस कॅमेरा पोटाला टेकला की व्ह्यूफाइंडरच्या सेन्सरला डोळा आल्यासारखे वाटते. व्ह्यूफाइंडर चालू राहतो आणि बॅटरी कारणाशिवाय उतरते. टचस्क्रीन चालू असेल तर कपड्याच्या स्पर्शाने फोकसचा बिंदू कोपऱ्यात जाऊन बसतो. घासून मोड डायल फिरते, म्हणून लॉकची डायल असलेल्या बॉडींना इथे मान आहे. कॅमेरा उचलताच शटर स्पीड आणि मोडवर एक नजर टाकणे, ही अनुभवी माणसाची प्रतिक्षिप्त क्रिया बनते. बक्कल, धातूची बटणे आणि चेन मागच्या स्क्रीनवर ओरखडे पाडतात.

गर्दीत कमरेची उंची म्हणजे लहान मुलांच्या चेहऱ्याची उंची. चालताना दोन्ही तळवे लेन्सवर ठेवले तर धक्का हुडवरच (लेन्सच्या टोकावरच्या संरक्षक कड्यावरच) थांबतो. हुड सरळ लावलेला असावा. उलटा हुड ना धक्का झेलतो, ना झूमची कडी मोकळी ठेवतो.

बेल्ट, पाउच आणि लेन्स बदलणे

बेल्ट पोटावर नव्हे, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवतात. जड पाउच बाजूला किंचित मागे, कारण पुढचे पाउच खाली बसताना मांडीत रुततात. पाउचांची संख्या बेल्टवरच्या लेन्सपेक्षा एकने जास्त हवी. रिकामे पाउच नसेल तर काढलेली लेन्स काखेत जाते, आणि पडते ती तिथूनच.

बदलण्याचा क्रम: भिंतीकडे तोंड करून उभे राहायचे, कॅमेरा बंद करून माउंट खाली वळवायचे. नवी लेन्स पाउचात पुढची काच खाली ठेवून असते, तिचे मागचे झाकण तिथेच सैल करायचे. जुनी लेन्स काढून रिकाम्या पाउचात सोडायची, नवी बसवून 'टक' असा आवाज ऐकायचा, आणि मोकळे झालेले झाकण जुनीला लावायचे. आवाज आला नाही तर लेन्स लॉक झालेली नाही.

उरलेले सामान, म्हणजे तिसरी बॉडी, चार्जर, लाइटचे स्टँड, चाकांच्या बॅगेत एका ठरलेल्या जागी राहते. एसीच्या थंड दालनातून दमट उकाड्यात जायचे असेल तर लेन्सवर बाष्प साचते. अशा वेळी कॅमेरा बंद बॅगेतच बाहेर न्यावा आणि वीस-तीस मिनिटांनी उघडावा. घाईने पुसलेली काच लगेच पुन्हा धुरकटते.

बॅटऱ्या खिशात सुट्या, नाण्यांबरोबर ठेवू नयेत; टोके जुळून शॉर्ट होते. भरलेल्या उजव्या खिशात, संपलेल्या डाव्या, किंवा झाकणाची दिशा उलटी करून ठेवतात. विमानप्रवासात सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या सामानातच न्याव्या लागतात. कॅमेऱ्याची बॅटरी साधारण १४ ते १६ वॉट-तासांची असते, मर्यादा १०० ची आहे, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. बॅटरीवर चालणाऱ्या मोठ्या लाइटचा आकडा मात्र लेबलवर पाहून घ्यावा.

भरलेली कार्डे पाकिटात लेबल खाली करून ठेवतात, आणि ते पाकीट चाकांच्या बॅगेत नव्हे, आतल्या चेनच्या खिशात राहते. बॅग चोरीला गेली तर सामान पुन्हा विकत घेता येते, छायाचित्रे नाहीत.